दहाव्या नंबरची शर्यत

3 जानेवारी 2011, दुपारची वेळ. टोकियोच्या ओतेमाची भागात, योमिउरी वृत्तपत्राच्या इमारतीसमोर, हाकोने एकिदेन, म्हणजे विद्यापीठांच्या संघांची दोन दिवस टप्प्याटप्प्याने धावायची शर्यत, संपत आली होती. वासेदा विद्यापीठ जिंकून मोकळं झालं होतं. दुसऱ्या आलेल्या तोयो विद्यापीठाशी अंतर अवघं 21 सेकंदांचं, या शर्यतीच्या इतिहासातलं सर्वांत कमी. पण खरा जीव टांगणीला लागला होता तो मागे. चार विद्यापीठांचे शेवटचे धावपटू एकाच घोळक्यात येत होते आणि पुढच्या वर्षी थेट प्रवेश देणाऱ्या पहिल्या दहांतल्या जागा तीनच उरल्या होत्या: आठवी, नववी, दहावी. कोकुगाकुइनचा पहिल्या वर्षातला मुलगा जोर लावून पुढे सरकला आणि अगदी शेवटाला, समोरची प्रक्षेपणाची गाडी उजवीकडे वळली तसा तिच्या मागोमाग तोही वळला. गाडी मार्गातून बाहेर पडत होती. शर्यत सरळ जात होती. चूक ध्यानात येऊन तो परत फिरेपर्यंत तिघं पुढे निघून गेले. उरलेल्या थोडक्या मीटरांत त्याने जोसाईच्या धावपटूला गाठलं, 3 सेकंदांनी मागे टाकलं आणि दहावा आला.

या दहाव्या नंबराला ना चषक, ना पदक. तरीही जपानमध्ये त्या दिवसाची आठवण निघाली की वासेदाच्या विजयाइतकीच या चुकलेल्या वळणाची निघते. हाकोने एकिदेन म्हणजे काय, हे कळायला विजेत्याकडे पाहून भागत नाही. या शर्यतीचं काळीज दहाव्या आणि अकराव्या नंबराच्या मधल्या फटीत आहे.

आधी मांडणी समजून घेऊ. 2 जानेवारीला सकाळी 8 वाजता ओतेमाचीहून निघायचं, त्सुरुमी, तोत्सुका, हिरात्सुका, ओदावारा अशा चार ठिकाणी धावपटू बदलायचे आणि पाचव्याने हाकोनेचा घाट चढून आशिनोको सरोवराच्या काठी पोचायचं. अंतर 107.5 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत, 109.6 किलोमीटर. जातानापेक्षा येताना अंतर जास्त, कारण 1999 पासून शेवटचा टप्पा जुन्या निहोनबाशी पुलावरून वळसा घेऊन येतो. एकूण 217.1 किलोमीटर, दहा मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धी मॅरेथॉन. सगळ्यात लांब दुसरा आणि नववा टप्पा, 23.1 किलोमीटरचे. सगळ्यात लहान पाचवा आणि सहावा, 20.8 चे, पण ते घाटातले. तिथे लांबीला फारसा अर्थ नाही.

'एकिदेन' या शब्दात जुन्या जपानमधली घोडे बदलत निरोप पोचवण्याची व्यवस्था आहे. 'एकि' म्हणजे मुक्कामाचं ठाणं, 'देन' म्हणजे पोचवणं. आपल्याकडे 'टपाल' या शब्दाचं नातं 'टप्पा' या शब्दाशी लावतात, त्यातलाच प्रकार. या नावाची पहिली शर्यत 1917 च्या एप्रिलमध्ये क्योतोच्या सानजो पुलापासून टोकियोतल्या उएनोच्या तळ्यापर्यंत, पाचशेवर किलोमीटर, 23 टप्प्यांत, रात्रंदिवस धावली गेली. तिच्यात जिंकलेल्या संघाचा शेवटचा धावपटू होता कानाकुरी शिझो. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या मध्येच उन्हाने कोसळलेला आणि 1967 मध्ये त्याच शहरात समारंभाने बोलावून 'शर्यत पूर्ण' करवून घेतलेला तो हाच. त्याची वेळ नोंदली गेली 54 वर्षं 8 महिने 6 दिवस 5 तास 32 मिनिटं 20.3 सेकंद. गंमत बाजूला ठेवली, तर स्टॉकहोमहून तो एक बोच घेऊन परतला होता: जगाच्या बरोबरीने धावायचं तर एकटादुकटा धावपटू घडवून भागणार नाही, एकदम पुष्कळ घडवायला हवेत. पुष्कळ मुलांना लांब पल्ल्याचा नाद लावायचा तर संघाची शर्यत हवी. त्या विचारातून 14 फेब्रुवारी 1920 रोजी चार संस्थांची पहिली हाकोने शर्यत झाली: वासेदा, केइओ, मेइजी आणि टोकियोचं उच्च अध्यापक विद्यालय. सुरुवात दुपारी 1 वाजता, घाटात पोचेस्तोवर अंधार, म्हणून गावातल्या पोरांनी मशाली धरलेल्या. अध्यापक विद्यालय जिंकलं, वेळ 15 तास 5 मिनिटं 16 सेकंद. आओयामा गाकुइनने 2025 मध्ये हीच वारी 10 तास 41 मिनिटं 19 सेकंदांत केली. मार्ग थोडाफार बदलला आहे, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून फार काही सिद्ध होत नाही, पण साडेचार तास कुठे गेले याची कल्पना येते.

आता दहाव्या नंबराकडे. एरवी 21 संघ धावतात. त्यांतले पहिले दहा पुढच्या वर्षी थेट येतात. अकराव्यापासून खालच्या सगळ्यांना ऑक्टोबरमध्ये पात्रता फेरी द्यावी लागते. ती टोकियोच्या पश्चिमेला ताचिकावा इथे होते: लष्करी तळाच्या धावपट्टीवरून सुरुवात, मग शहरातले रस्ते, शेवट शोवा स्मृती उद्यानात. 2018 पासून तिचं अंतर अर्धी मॅरेथॉन आहे. आधी 20 किलोमीटर होतं. एका संघाचे जास्तीत जास्त 12 जण धावतात आणि त्यांतल्या पहिल्या दहांच्या वेळांची बेरीज होते. धावायचं तर 10,000 मीटर 34 मिनिटांच्या आत धावल्याची नोंद हवी, पण ती किमान अट. तेवढ्यावर कोणी पात्र ठरत नाही.

बेरजेची शर्यत असल्यामुळे तिथलं धावणं वेगळंच दिसतं. एखाद-दोन तगडे धावपटू पुढे मोकळे सोडतात आणि बाकीचे एकाच संघाचे सात-आठ जण गठ्ठा करून ठरलेल्या गतीने, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांच्या आगेमागे, पंधराएक किलोमीटर जातात. कोणी वारा अडवायचा हेही ठरलेलं. मग उद्यानाच्या चढउतारांवर गठ्ठा सोडून ज्याने त्याने आपापल्या ताकदीवर सुटायचं. बारातले दोन फुकट गेले तरी चालतात, तिसरा गेला की संपलं. बिघडतं ते बहुधा हवेमुळे. ऑक्टोबरात ऊन तापलं की गठ्ठ्याची ठरवलेली गती पहिले दहा किलोमीटर सोपी वाटते, आणि पंधरानंतर एकेक जण मागे पडू लागतो. गठ्ठ्यातून सुटलेला मुलगा एकटा किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद गमावतो, आणि ही गमावलेली वेळ थेट संघाच्या खात्यात जाते.

निकाल उद्यानातल्या हिरवळीवर ऐकवतात, पहिल्या क्रमांकापासून उतरत. संघ घोळक्याने उभे असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये शेवटची, दहावी जागा जुन्तेंदोला मिळाली आणि टोकियो कृषी विद्यापीठ अकरावं राहिलं. दहा मुलांनी मिळून 211 किलोमीटर धावल्यानंतर दोघांमधलं अंतर होतं 1 सेकंद. आदल्या वर्षी टोकियो कोकुसाई 3 सेकंदांनी हुकलं होतं. मग 3 जानेवारी 2025 ला हेच जुन्तेंदो, एका सेकंदाने आत आलेलं, दहाव्या जागेसाठी ओतेमाचीच्या रस्त्यावर चौघांच्या घोळक्यात होतं. या वेळी तीन जागा टोकियो कोकुसाई, तोयो आणि तेइक्योला गेल्या. जुन्तेंदो अकरावं, अंतर 7 सेकंद. दहा जणांत वाटून पाहा: माणशी पाऊण सेकंदसुद्धा नाही. पुढच्या सोबत्याला कापडी पट्टा देताना चाचपडलेला एक हात, पाण्याची बाटली घेताना बिघडलेलं एक पाऊल, एवढीच त्याची किंमत.

आणि अकराव्या नंबराची शिक्षा ऑक्टोबरमधल्या एका दिवसापुरती नसते. धावपटूचं शरीर वर्षातून फार वेळा शिगेला नेता येत नाही. पहिल्या दहात असलेला संघ उन्हाळ्यातली शिबिरं निवांत लांब पल्ल्याची ठेवतो आणि सगळा भर 2 जानेवारीवर आणतो. पात्रता देणाऱ्या संघाला ऑक्टोबरच्या मध्याला एकदा धार लावावी लागते, मग दोन-अडीच महिन्यांत पुन्हा. ऑक्टोबरमध्ये इझुमो शहरात होणाऱ्या सहा टप्प्यांच्या, 45.1 किलोमीटरच्या शर्यतीतही टोकियोभोवतालच्या कांतो भागातून हाकोनेचे पहिले दहाच जातात. म्हणजे वेगवान शर्यतीचा सराव हुकतो तो वेगळाच. एकदा खाली घसरलेला संघ वर्षानुवर्षं खाली का राहतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

त्या पट्ट्याबद्दल, म्हणजे तासुकीबद्दल, सांगायला हवं. रिलेमधल्या दांड्याच्या जागी इथे कापडी पट्टा असतो, बोलताना 'तास्की' असा ऐकू येणारा. नियमाप्रमाणे साधारण 1.6 ते 1.8 मीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद. एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखाली तिरका घालायचा, उरलेलं टोक चड्डीच्या कमरेत खोचायचं. प्रत्येक विद्यापीठाचा रंग ठरलेला: कोमाझावाचा फिका जांभळा, वासेदाचा गडद तांबडा, आओयामाचा पोपटीकडे झुकणारा हिरवा, तोयोचा लोखंडी निळा. बदलाच्या रेषेच्या साधारण 400 मीटर आधी पट्टा काढायला परवानगी असते. बरेच जण तो मुठीभोवती गुंडाळतात आणि शेवटच्या काही पावलांत दोन्ही हातांनी आडवा ताणून धरतात, म्हणजे पुढच्याला मधोमध पकडता येतो. रेषेपुढच्या 20 मीटरांतच हातातून हातात गेला पाहिजे. फेकून चालत नाही. घेणाऱ्याने साधारण 200 मीटरच्या आत तो अंगावर चढवायचा. ऐकायला सोपं, पण घामाने भिजलेलं कापड थंडीत जड आणि चिकट होतं, बोटं बधिर असतात, आणि देणाऱ्याला त्या वेळी समोरचं धड दिसतही नसतं.

शर्यतीतला सगळ्यात निष्ठुर नियम या पट्ट्याचाच. राष्ट्रीय महामार्ग फार वेळ अडवून ठेवता येत नाही. म्हणून पहिल्या संघापासून ठरावीक वेळेपेक्षा जास्त मागे पडलेल्यांच्या पुढच्या धावपटूला वाट न पाहता सोडून देतात. जाताना त्सुरुमी आणि तोत्सुकाला ही मुदत 10 मिनिटं, हिरात्सुका आणि ओदावाराला 15, येताना 20. सोडताना बहुतेक ठिकाणी त्याच्या गळ्यात विद्यापीठाचा पट्टा नसतो, आयोजकांचा पांढरा-पिवळा पट्टा असतो. वेळ बरोबर मोजली जाते, संघ बाद होत नाही, नंबरही मिळतो. तुटतो तो फक्त पट्टा. एवढ्यासाठी रडायचं काय, असं कोणी म्हणेल. पण पुढचा मुलगा रेषेवर उभा, मागचा पन्नास मीटरवर दिसतोय, हातात पट्टा ताणून धरलेला, आणि पिस्तूल वाजतं. सुटलेला मागे वळून पाहत पाहत जातो, आलेला रेषेवर कोसळतो आणि पट्टा त्याच्याच हातात राहतो. हे दृश्य जवळजवळ दरवर्षी घडतं, बहुधा येतानाच्या वाटेवर, आणि कॅमेरे ते चुकवत नाहीत. माझं मत विचाराल तर नियम वाहतुकीसाठी केला असला, तरी इतकी वर्षं टिकला आहे तो या दृश्यासाठी.

त्याहून वाईट एकच. कोणी मध्येच थांबला तर संघाची अधिकृत नोंद तिथेच संपते. पुढची मुलं धावतात, पण त्यांच्या वेळा फक्त संदर्भापुरत्या. 2008 मध्ये एकाच शर्यतीत तीन संघांचं असं झालं; त्यांतल्या एकाचा दहाव्या टप्प्यावरचा मुलगा कामाता इथल्या रेल्वे फाटकाच्या रुळांवर पाय मुरगळून बसला. ते फाटक आता नाही, 2012 मध्ये लोहमार्ग उचलून वर नेला. 2013 ला घाटात इतका बोचरा वारा होता की पाचव्या टप्प्यावर जोसाई आणि चुओ दोन्ही संघ थांबले. चुओ म्हणजे 14 वेळा जिंकलेलं विद्यापीठ, सलग 28 वर्षं पहिल्या दहात. ती साखळी त्या दुपारी तुटली. घाम निथळणाऱ्या अंगाला डोंगरावरचा वारा लागला की शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं. आधी हात वाकडेतिकडे होतात, मग पाय. पोटात सकाळपासून पुरेसं गेलं नसेल तर साखर उतरते ती वेगळी. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पडतं, हेही नेहमीचं कारण.

त्या पाचव्या टप्प्यालाच जपानी लोक सगळ्यात जास्त जीव लावतात. ओदावारा समुद्रसपाटीला लागून. तिथून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 1 च्या सर्वांत उंच जागेपर्यंत, 874 मीटरवर, चढायचं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर उतरून सरोवर गाठायचं. आपल्याकडे खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा बोरघाट पाचशे मीटरच्या आसपास उंची घेतो. त्याच्या दीडपटीहून जास्त, तेही धावत. वाटेत कोवाकिदानीला डोंगरी रेल्वेचं फाटक लागतं. त्या दिवशी तिथे धावपटूंसाठी गाडी थांबते.

फसतात ते दोन ठिकाणी. ओदावाराहून पहिले तीनेक किलोमीटर जवळपास सपाट. दोन्ही बाजूंना गर्दी, पुढचा संघ नजरेत, आणि मुलगा सपाटीच्या वेगाने सुटतो. युमोतो गावानंतर चढ सुरू झाला की ते कर्ज व्याजासकट फेडावं लागतं. दुसरी जागा माथ्यानंतरची. सोळा किलोमीटर मांडीचा आणि पोटरीचा एकाच प्रकारचा वापर झाल्यावर एकदम उतार आला की तेच स्नायू उलट ताणले जातात आणि पायात गोळे येतात. चढणारे बरेच, चढून लगेच उतरू शकणारे थोडे.

असा थोड्यांतला कोणी निघाला की त्याला 'डोंगराचा देव' म्हणतात. इमाई मासातो याने जुन्तेंदोकडून 2005 मध्ये एका टप्प्यात 11 जणांना मागे टाकलं. काशिवाबारा र्‍यूजी 2009 मध्ये तोयोचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. जवळजवळ पाच मिनिटं मागे असताना त्याने पट्टा घेतला आणि आशिनोकोला पहिला पोचला. चारही वर्षं हा टप्पा त्याने जिंकला. 2015 मध्ये आओयामाच्या कामिनो दाइचीने संघाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं ते याच घाटात. 2006 ते 2016 हा टप्पा 23 किलोमीटरच्या वर नेला होता. परिणाम असा की चांगला चढणारा एक मुलगा असला की बाकी नऊ जणांचा हिशेब मागे पडायचा. 2017 पासून पुन्हा 20.8 वर आणला, ते बरंच झालं. त्या अंतरावर आओयामाच्या वाकाबायाशी हिरोकीने 2025 मध्ये 1 तास 9 मिनिटं 11 सेकंद ही त्या वेळची विक्रमी वेळ दिली. किलोमीटरला सरासरी 3 मिनिटं 20 सेकंद, घाट चढताना.

उताराचा सहावा टप्पा कमी गायला जातो. माझ्या मते तो जास्त अवघड आहे. सकाळी 8 ला, शून्याच्या आसपासच्या थंडीत सुरुवात, पहिले चार-साडेचार किलोमीटर अजून चढच, मग जवळजवळ बारा किलोमीटर कोसळता उतार. 2025 मध्ये नोमुरा आकिमु तो 56 मिनिटं 47 सेकंदांत उतरला. सरासरी किलोमीटरला 2 मिनिटं 44 सेकंद, म्हणजे तीव्र उतारावर याहून बरंच जोरात. या वेगात ब्रेक मारायचा तर मांडीने मारायचा, आणि तो मारला की वेळ जाते. म्हणून इथे भित्र्या पायाचा माणूस चालत नाही. पाय बुटात पुढे सरकून तळव्यांना फोड येतात, फुटतात. शेवटचे तीन किलोमीटर युमोतोहून ओदावारापर्यंत जवळजवळ सपाट, पण उताराला सरावलेल्या पायांना तो चढ वाटतो. सहाव्या टप्प्याचे निकाल बहुतेक वेळा त्या तीन किलोमीटरांत लागतात.

दुसरा टप्पा म्हणजे दिग्गजांचा. 'फुलांचा दुसरा' असं त्याचं लाडकं नाव. चौदाएक किलोमीटरनंतर गोन्ताझाकाचा चढ आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये आणखी एक, तोत्सुकाची भिंत म्हणतात तो. प्रत्येक संघ आपला हुकमाचा एक्का इथे टाकतो. 1989 मध्ये यामानाशी गाकुइनने केनियाहून आलेल्या जोसेफ ओत्वोरीला इथे उतरवलं आणि त्याने सात जणांना मागे टाकलं, तेव्हापासून परदेशी विद्यार्थी या टप्प्याची ओळखच झाले. 2009 मध्ये निहोन विद्यापीठाच्या गितौ डॅनियलने 20 जणांना मागे टाकलं. आज नियमाने एका संघात एकच परदेशी विद्यार्थी धावू शकतो. त्यांच्यावरून कुरकूर अधूनमधून होते, पण त्यांच्यामागे धावूनच जपानी मुलांचा दुसऱ्या टप्प्यावरचा वेग वाढला, हे आकड्यांवरून दिसतं.

या सगळ्यात डावपेच भरपूर. डिसेंबरात 16 नावं जाहीर होतात. 29 डिसेंबरला दहा टप्प्यांवर दहा नावं लागतात, सहा राखीव. धावण्याच्या दिवशी सकाळी, सुरुवातीच्या 70 मिनिटं आधी, राखीव खेळाडूला कोणत्याही टप्प्यावर आणता येतं. दोन्ही दिवस मिळून सहा बदल, एका दिवशी चारच. टप्प्यांवरच्या मुलांची आपसात अदलाबदल मात्र नाही. त्यामुळे 29 तारखेच्या यादीत संघाचा सगळ्यात तगडा मुलगा राखीवात दिसला तर तो दुखावलेला असतो किंवा लपवलेला असतो, आणि प्रतिस्पर्ध्याने तीन दिवस तेच ओळखत बसायचं. ज्याचं नाव नुसतं जागा अडवायला लावलं, त्यालाही पहाटेपर्यंत धावणाऱ्यासारखंच तयार राहावं लागतं.

परतीच्या दिवशी तर बघणाऱ्यालाही वही-पेन्सिल लागते. आदल्या दिवशी जेवढ्या फरकाने आलात तेवढ्याच फरकाने सोडतात, पण 10 मिनिटांपेक्षा जास्त मागे असलेले सगळे 8 वाजून 10 मिनिटांनी एकदम सुटतात. समजा एखादा संघ 16 मिनिटं मागे होता. रस्त्यावर तो 6 मिनिटं पुढे दिसणार. म्हणून डोळ्यांना नववा दिसणारा प्रत्यक्षात तेरावा असू शकतो. त्याच्या मागे गाडीत बसलेला प्रशिक्षक ठरावीक अंतरांवर भोंग्यातून ओरडून सांगत असतो की तू ज्याला मागे टाकलंस त्याच्याशी तुझं भांडणच नाही, तुझं भांडण चार मिनिटं मागे असलेल्याशी आहे. धावणाऱ्याला हे पटवणं महाकठीण. शेजारी न दिसणाऱ्या माणसाशी शर्यत लावता येणं हे परतीच्या धावपटूचं खरं कसब. 2021 मध्ये सोका विद्यापीठ पहिलंवहिलं विजेतेपद हातात आल्यासारखं दहाव्या टप्प्यावर आलं ते 3 मिनिटं 19 सेकंदांच्या आघाडीवर. एवढी आघाडी जाते थोडीच! शेवटाला दोन-सव्वादोन किलोमीटर उरले असताना कोमाझावाने गाठलं.

धावणारे दहा, संघात मुलं याच्या कित्येक पट. वसतिगृहात पहाटे उठून सकाळचं धावणं, महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर, नोव्हेंबरात आगेओच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये जागेसाठी आपल्याच सोबत्यांशी चुरस. सोळात न आलेले त्या दोन दिवशी रस्त्यावर असतात: कोणी पाण्याची बाटली देत थोडं अंतर बरोबर पळतो, कोणी अंतरं मोजून ओरडतो, कोणी धावून आलेल्याच्या अंगावर कोट टाकतो. बऱ्याच संघांत मधल्या एखाद्या वर्षी एका धावपटूलाच धावणं सोडून व्यवस्थापक व्हायला सांगतात. तो खोल्यांची नोंदणी, वेळा, औषधं, गाड्या बघतो, आणि शर्यतीत प्रशिक्षकाच्या गाडीत बसतो. पट्टा तुटला की सगळ्यात आधी चेहरा उतरतो तो बहुधा याचा, कारण कोणी किती पहाटा दिल्या याची वही त्याच्याकडे असते.

विद्यापीठांना हे परवडतं, कारण 1987 पासून दोन्ही दिवस ही शर्यत टीव्हीवर थेट दिसते. नव्या वर्षाच्या सुट्टीत घरं भरलेली, भाताच्या वड्यांचं सूप समोर, आणि पडद्यावर दोन दिवस मिळून चौदाएक तास छातीवर विद्यापीठाचं नाव मिरवणारी मुलं. 2021 मध्ये परतीच्या दिवसाची प्रेक्षकसंख्या 33.7 टक्क्यांवर गेली. प्रवेश-अर्ज याच महिन्यांत भरायचे असतात. यापेक्षा चांगली जाहिरात कोण देणार? खासगी विद्यापीठं धावपटूंना शिष्यवृत्त्या देतात त्यात खेळाची ओढ आहेच, पण हिशेबही आहे. आओयामाने 2004 मध्ये हारा सुसुमू या वीज कंपनीत विक्रीचं काम केलेल्या माणसाला प्रशिक्षक नेमलं. 2009 मध्ये संघ 33 वर्षांनी हाकोनेला परतला आणि शेवटचा आला, पुढच्या वर्षी आठवा, 2015 मध्ये पहिला. बाकीच्या विद्यापीठांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि चढाओढ आणखी कडक झाली.

नाव 'टोकियो-हाकोने', देशभर वेड, पण स्पर्धा कांतो भागातल्या विद्यापीठांची. 2024 च्या शंभराव्या शर्यतीसाठी पात्रता फेरी देशभराला खुली केली. बाहेरचं एकही विद्यापीठ आत येऊ शकलं नाही. आश्चर्य नाही, कारण देशातले चांगले शाळकरी धावपटू हाकोनेसाठीच टोकियोच्या वाटेला लागतात आणि क्योतो-ओसाकाचे संघ वाळत जातात. मुलींसाठी हाकोने नाही. त्यांची राष्ट्रीय विद्यापीठ शर्यत ऑक्टोबरात सेन्दाईला होते, चांगली होते, पण सणाच्या सकाळी घराघरांत लागत नाही. आणि कानाकुरीची ती बोच? जगाच्या बरोबरीचे धावपटू? जपानचे नावाजलेले मॅरेथॉनपटू घ्या: ओसाको सुगुरु वासेदाचा, शितारा यूता तोयोचा, 2021 मध्ये मॅरेथॉन 2 तास 4 मिनिटं 56 सेकंदांत धावलेला सुझुकी केंगो कानागावा विद्यापीठाचा. तिघंही हाकोनेतून आलेले. पण वीस-बावीस किलोमीटरसाठी घासून तयार केलेली शेकडो मुलं बावीसाव्या वर्षी थांबतात, कारण त्यांना जिथे पोचायचं होतं ते ठिकाण मागे पडलेलं असतं. ही शर्यत ऑलिंपिकची पायरी म्हणून जन्मली. आज तिच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आहेत, तिच्यापासून वर जाणाऱ्या थोड्या.

3 तारखेला दुपारी दीडच्या सुमारास विजेत्याला हवेत उडवून झेलणं चालू असतं, तेव्हा रस्त्याच्या त्याच तुकड्यावर दहावा आणि अकरावा येत असतात. अकराव्या संघातली चौथ्या वर्षाची मुलं त्या संध्याकाळी सुटतात; त्यांची हाकोने संपली. तिसऱ्या वर्षाची मुलं नवा कर्णधार निवडतात. पुढच्या वर्षी छातीवरच्या क्रमांकात 1 ते 10 मधला आकडा त्यांच्या वाट्याला येणार नाही. तो पात्रतेच्या निकालावरून ठरेल, ठरलाच तर. पट्टा धुऊन, घडी घालून व्यवस्थापकाच्या कपाटात जातो. ताचिकावाच्या धावपट्टीला साडेनऊ महिने असतात.